माझाच गिअरबॉक्स मला ३८ हजारांना विकला

जुनी जिप्सी, जीप किंवा असली कुठलीही फोर बाय फोर बाळगणाऱ्या आणि गिअरबॉक्स बदलायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने पैसे मोजण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे ४२ हजार रुपये गेले. पण त्याहून जास्त लागलंय ते हे, की चार महिने ज्याला मी 'दुसरा टाकला' म्हणून सगळ्यांना सांगत होतो, तो गिअरबॉक्स माझ्याच गाडीचा होता.

गाडी १९९९ सालची जिप्सी किंग. १३०० सीसी, कार्ब्युरेटरवाली, पाच गिअरची. वडिलांनी हौसेने घेतलेली आणि आजही कामाची. आमची शेती बामणोलीच्या बाजूला आहे. साताऱ्याहून कासमार्गे जावं लागतं आणि पावसाळ्यात शेवटच्या दोन किलोमीटरला दुसरी गाडी चालतच नाही. त्यामुळे 'विकून टाक, नवी घे' हा सल्ला आमच्या घरात कुणी ऐकून घेत नाही.

गेल्या वर्षीपासून पाचवा गिअर त्रास द्यायला लागला. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की खटकन न्यूट्रल. दुसरा टाकताना खरखर. आणि चौथा सोडून बाकी सगळ्या गिअरमध्ये घूं असा आवाज. आता हे मला कळतं, तेव्हा कळत नव्हतं: चौथा गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिनाकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा आउटपुट शाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात आणि खालून समांतर फिरणाऱ्या काउंटर शाफ्टवर लोड येत नाही. चौथ्यात शांत आणि बाकीच्यांत आवाज, याचा अर्थ बहुधा काउंटर शाफ्टची बेअरिंगं गेली. न्यूट्रलला आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर आधी इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायचं. एवढं जरी मला माहीत असतं तरी समोरच्याने मला इतक्या सहज गुंडाळलं नसतं. जिप्सीचा ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, थोडा गातोच, तो भाग वेगळा. त्यात टू व्हील हायमध्ये, म्हणजे नेहमीसारखी फक्त मागच्या चाकांवर गाडी चालवतानासुद्धा, ताकद गिअरमधूनच जाते, त्यामुळे धडधाकट गाडीतही बारीक सूर येतो. अनेक जण त्यालाच घाबरून गिअरबॉक्स उतरवायला निघतात.

पुण्याजवळ एक गॅरेजवाला जुन्या फोर बाय फोरचंच काम करतो असं कळलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार दिलेली आहे. त्याने एक चक्कर मारली आणि बॉनेटही न उघडता निकाल दिला. "दादा, हा उघडून उपयोग नाही. जिप्सी बंद झाली, आतले पार्ट आता मिळत नाहीत. माझ्याकडे आर्मी डिस्पोजलचा रेडी बॉक्स आहे. जेमतेम चाललेला." जिप्सी खरंच बंद झालेली आणि लष्कराने ती वर्षानुवर्षं वापरलेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पटलं. लष्कराच्या लिलावातून आलेल्या मालाला कागद असतो, तो बघायला मागावा, हे मला सुचलं नाही. पार्ट मिळत नाहीत हेही खोटं होतं. बेअरिंगं, सिंक्रो रिंगा (गिअर खरखर न होता पडावा म्हणून असतात त्या), सील, सगळं मिळतं. नंतर मीच आणलं.

हिशेब असा ठरला: गिअरबॉक्स ३८ हजार, माझा जुना बॉक्स त्याने ठेवून घ्यायचा त्याचे ६ हजार वजा, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट साडेचार हजार, मजुरी साडेपाच हजार. एकूण ४२ हजार. २० हजार यूपीआयने ॲडव्हान्स दिले, बाकीचे रोख. बिल मागितलं तेव्हा "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल" म्हणाला. मी गप्प बसलो. ते ६ हजार वजा झाल्याचा मला आनंद झाला होता, आणि सगळा खेळ तिथेच होता. जुना बॉक्स त्याच्याकडे राहणार म्हटल्यावर दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी ठेवून बघायची वेळच माझ्यावर आली नाही.

हे काम तीन दिवसांचं नाही, हेही मला आता माहीत आहे. जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मधल्या छोट्या जॉइंटने जोडलेला असतो. तो जॉइंट सोडायचा, लिव्हर, क्लच केबल, स्टार्टर काढायचा, मागचं माउंटिंग सोडून बॉक्स खाली उतरवायचा. इंजिनाला हात लावावा लागत नाही. एक मेस्त्री आणि एक पोऱ्या एका दिवसात काढून परत चढवतात. माझी गाडी तीन दिवस ठेवली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला: लाकडी फळीवर ठेवलेला, चंदेरी रंगाचा, चकचकीत गिअरबॉक्स. मी तो फोटो भावाला पाठवला.

गाडी हातात आली तेव्हा आवाज खरंच गेला होता. पाचवा सुटत नव्हता. फक्त लिव्हर जड झालेला, इतका की पाचव्यासाठी मनगट लावावं लागायचं, आणि सकाळी थंड गाडीत दुसरा पडतच नसे. विचारलं तर म्हणाला, "फ्रेश बॉक्स आहे, टाइट असणारच. हजारभर किलोमीटरमध्ये मोकळा होईल." झालाही. एप्रिलच्या शेवटी लिव्हर सुटा झाला आणि त्याबरोबर तोच घूं परत आला. फोन केला तर आधी "ऑइल बदला", मग "तुम्ही डोंगरात चालवता म्हणून", मग फोनच उचलणं बंद.

जूनमध्ये, पेरणीच्या आधी, आमच्या साताऱ्यातल्या थोरल्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा ड्रेन नट सोडला. ऑइल धारेने पडायला हवं, ते काकवीसारखं लोंबत खाली आलं. बोटावर घेऊन त्यांनी चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "एकशे चाळीस घातलंय. आवाज झाकायला." या बॉक्सला त्याहून पातळ, ८०-९० ग्रेडचं, जीएल-४ ऑइल लागतं, तेही जेमतेम सव्वा लिटर. जाड ऑइल घातलं की झिजलेल्या बेअरिंगचा आवाज काही दिवस दबतो, पण थंडीत सिंक्रो काम करत नाहीत.

मग बॉक्स खाली उतरवला. क्लच प्लेट पूर्वीचीच होती, रिबिटापर्यंत घासलेली. साडेचार हजार तिथे गेले. ते बाजूला ठेवून मेस्त्रींनी थिनरचा बोळा घेतला आणि केसिंग, म्हणजे बॉक्सचं बाहेरचं कवच, पुसायला सुरुवात केली, नंबर बघू म्हणाले. चंदेरी रंग निघत गेला. खालच्या कोपऱ्यात रंगाखाली पुट्टी लागली. ती त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तसा आतून ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगचा टाका वर आला. दोन बोटं लांब, सुरवंटासारखा, एका टोकाला जरा वाकडा.

तो टाका मी ओळखतो. २०१९ च्या पावसात शेताच्या वाटेवर दगड लागून केसिंगचा कोपरा तडकला होता. एमआयडीसीत जाऊन आर्गन वेल्डिंग करून आणलं होतं, वेल्डिंग होताना मी शेजारी उभा होतो. त्या दिवशीचा फोटोही फोनमध्ये सापडला. तेच वाकडं टोक. मी तिथेच खाली बसलो. मेस्त्री काही बोलले नाहीत, पोऱ्याला चहा सांगितला.

केसिंग उघडल्यावर बाकीचंही कळलं. आत एकही नवा पार्ट नव्हता. गिअर जागेवर धरून ठेवायला गोळी आणि स्प्रिंग असते, त्या स्प्रिंगखाली दोन वॉशर घालून ती कडक केली होती. पाचवा सुटत नव्हता तो यामुळे, आणि लिव्हर जड होता तोही यामुळे. म्हणजे हा माणूस अडाणी नव्हता. त्याला बॉक्स व्यवस्थित कळत होता. नीट दुरुस्त करणं त्याला सहज जमलं असतं, आणि त्याचे मागेल तेवढे पैसे मी दिले असते. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

थोरल्या मेस्त्रींनी तीन बेअरिंगं, दोन सिंक्रो रिंगा, सील, क्लच सेट आणि मजुरी धरून साडेसोळा हजारांत काम केलं. काढलेला प्रत्येक पार्ट पेपरवर मांडून माझ्या हातात दिला. त्यांनी एक गोष्ट दाखवली ती सांगतो. सुटा बॉक्स विकत घ्यायचाच असेल तर तो जमिनीवर ठेवून प्रत्येक गिअर टाकायचा आणि इनपुट शाफ्ट हाताने फिरवायचा. शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर (मागे बाहेर निघणाऱ्या, फिरणाऱ्या चकतीवर) खडूची खूण करायची. जिप्सी किंगच्या बॉक्समध्ये पुढे दहा फेऱ्या दिल्या की पहिल्या गिअरला मागे जवळजवळ पावणेतीन फेऱ्या पडतात, चौथ्याला बरोबर दहा, पाचव्याला साडेबारा. तसं जमत नसेल तर आत दुसरंच काहीतरी भरलंय. आणि फिरवताना हाताला दाणेदार लागलं तर बेअरिंग गेलंय, बाहेरचा रंग कितीही चमकू दे. माझ्या बाबतीत फेऱ्या जुळल्याच असत्या, बॉक्स माझाच होता ना. मला सेंटरपंचच्या, म्हणजे टोकदार छिन्नीने ठोकलेल्या, एका ठिपक्याने वाचवलं असतं. गाडी आत सोडण्याआधी केसिंगवर कुणाला दिसणार नाही अशा जागी खूण आणि तिचा फोटो, एवढंच. आणि जुना बॉक्स घरी आणायचा, भंगारात सहा हजार येवोत की सहाशे.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन केली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची असते. बिल नसल्यामुळे माझी बाजू लंगडी आहे हे मान्य. पण यूपीआयची नोंद आहे, "आर्मीचा फ्रेश बॉक्स" असं त्याने स्वतः लिहिलेला मेसेज आहे, २०१९ चा वेल्डिंगचा फोटो आहे, आणि थोरले मेस्त्री लेखी द्यायला तयार आहेत. काढलेली तिन्ही बेअरिंगं आणि ते दोन वॉशर बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवलेत. तारीख लागली की तो डबा बरोबर न्यायचा आहे.