मुठीची टाच गोल केल्यानंतर: कमांडर आकाराच्या पिस्तुलाचा काही महिन्यांच्या वापरातला अनुभव

पिस्तूल कपड्यांखाली झाकायचे म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी नळीच्या लांबीकडे जाते आणि आखूड नळीचे पिस्तूल घेतले की प्रश्न मिटला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात नळी आणि तिच्यावरची मागे-पुढे सरकणारी स्लाइड कंबरपट्ट्याच्या आत, मांडीच्या दिशेने उभ्या राहतात. त्या अर्धा-पाऊण इंचाने लांब असल्या तरी बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. पट्ट्याच्या वर राहते ती मूठ, आणि तीही शरीराला आडवी. त्यामुळे शर्टावर उठून दिसतो तो मुठीचा मागचा-खालचा कोपरा, म्हणजे तिची टाच. माझ्या पिस्तुलाची ही टाच गोल करून घेतली, मुठीच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्या पातळ बसवल्या आणि मुठीच्या खडबडीतपणातही थोडा फेरफार केला. हे पिस्तूल काही महिने रोज कमरेला वागवल्यानंतर आणि त्यावर नियमित सराव केल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

पिस्तूल १९११ पद्धतीचे, म्हणजे अमेरिकी सैन्याने त्या वर्षी स्वीकारलेल्या पिस्तुलाच्या रचनेचे, कमांडर आकाराचे, ४.२५ इंच नळीचे, ९ मिलिमीटर काडतुसाचे आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे, म्हणजे मूळ सांगाड्याचे, आहे. हा आकार कोल्ट या अमेरिकी कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर आणला. त्यात ५ इंची नळी आखूड झाली आणि पोलादी फ्रेमच्या जागी हलकी फ्रेम आली, पण मूठ मात्र पूर्ण लांबीचीच राहिली. म्हणजे जो भाग झाकायला सर्वांत अवघड, त्यालाच हात लावलेला नव्हता. पुढे १९८५ मध्ये आलेल्या कोल्टच्याच ऑफिसर्स मॉडेलात मूठही आखूड केली गेली. त्या उपायाने झाकणे सोपे होते, पण मॅगझिनची क्षमता कमी होते आणि करंगळीला धरायला जागा उरत नाही. माझ्या हाताला तो सौदा परवडणारा नव्हता. करंगळी मोकळी राहिली की धक्क्याबरोबर पिस्तूल तळव्यात फिरते आणि प्रत्येक गोळीनंतर पकड पुन्हा जमवावी लागते.

टाच गोल करण्यात हा पेच चांगला सुटतो, कारण मुठीची पुढची बाजू, जिथे बोटे बसतात, ती पूर्ण लांबीची राहते आणि मॅगझिनही तेच चालते. कापला जातो तो फक्त मॅगझिनच्या मागचा कोपरा. एड ब्राउन या अमेरिकी पिस्तूल-कारागिराने लोकप्रिय केलेल्या या पद्धतीत मुठीच्या पाठीत असलेले मेनस्प्रिंग हाउसिंग, म्हणजे घोड्याची मुख्य स्प्रिंग सामावणारा सुटा भाग, बदलून खालून वळणदार असलेले हाउसिंग बसवतात, फ्रेमचा तेवढाच भाग त्याच वळणाने कापतात आणि हाउसिंग धरून ठेवणाऱ्या पिनेसाठी फ्रेममध्ये वरच्या बाजूला नवे छिद्र पाडतात. हे छिद्र किंचितही तिरके गेले तर हाउसिंग नीट बसत नाही, आणि एकदा कापलेली फ्रेम पूर्ववत होत नाही. म्हणून हे काम घरच्या शिकंज्यात कानस घेऊन करण्यासारखे नाही. ते योग्य साचा असलेल्या गनस्मिथकडूनच, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडूनच, करून घ्यावे, आणि फ्रेमवरच्या क्रमांकाच्या आसपास कोणतेही हत्यार चालणार नाही याची आधी खात्री करून घ्यावी. उत्पादकाची हमी अशा कामानंतर बहुधा संपते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

जुन्या रिव्हॉल्वरच्या जाणकारांना यात नवे काही वाटणार नाही. स्मिथ अँड वेसनच्या मध्यम आकाराच्या रिव्हॉल्वर चौकोनी आणि गोल अशा दोन्ही टाचांत मिळत असत, आणि कोटाखाली वागवणारे गोल टाच निवडत असत. मुठीचा कोपराच कापड उचलतो, ही समजूत पिस्तुलांच्या दुनियेत इतक्या उशिरा का रुजली याचे मात्र आश्चर्य वाटते.

फरक नेमका कुठे जाणवतो, तर उभे असताना फारसा नाही आणि वाकताना खूप. उजव्या कमरेच्या मागच्या बाजूला, पट्ट्याच्या आत, मूठ किंचित पुढे कललेली असे मी पिस्तूल ठेवतो. आधी खाली पडलेली वस्तू उचलायला वाकले की टाच पाठीपासून दूर जाऊन शर्टाला तंबूसारखे टोक यायचे. कापड त्या टोकावर अडकायचे आणि सरळ उभे राहिल्यावरही तिथेच राहायचे. आता तिथे कापडाला अडकायला कोपराच नाही, त्यामुळे शर्ट वळणावरून घसरून आपोआप खाली येतो. खुर्चीत टेकून बसण्यातही तितकाच फरक पडला. पूर्वी खुर्चीची पाठ टाचेला आणि टाच बरगडीखालच्या मऊ भागाला टोचत असे. आता दाब लागतो, पण तो पसरलेला असतो. कापडाचा मुद्दा अर्थात जाडीवरही अवलंबून आहे. पातळ सुती शर्टाखाली आजही बारकाईने पाहणाऱ्याला उंचवटा दिसेल.

नेमबाजीत काय बदलले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटत होता. मूळ १९११ ला पाठ सपाट होती. १९२० च्या दशकात अमेरिकी सैन्याने केलेल्या सुधारणांत ती फुगीर करण्यात आली, कारण सपाट पाठीने अनेक सैनिकांच्या गोळ्या खाली लागत होत्या. म्हणजे पाठीच्या खालच्या भागाचा उंचवटा नेम वर-खाली हलवतो, हे शंभर वर्षांपूर्वीच समजले होते. माझ्या पिस्तुलाला आधीही सपाट पाठच होती, आणि टाच गेल्यावर तळव्याच्या खालच्या गादीला टेकायला आणखी थोडे कमी मिळू लागले. पिस्तूल घाईने उचलल्यावर सुरुवातीला पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, खाली राहत असे. कोऱ्या सरावात, म्हणजे पिस्तूल आणि आसपासची जागा पूर्ण रिकामी असल्याची दोनदा खात्री करून केलेल्या सरावात, ही सवय बदलली. आता पिस्तूल डोळ्यांसमोर येते तेव्हा दोन्ही माश्या सरळ रेषेत असतात. धक्का वाढल्याचे ९ मिलिमीटरमध्ये तरी जाणवत नाही; .४५ या मोठ्या काडतुसाच्या हलक्या पिस्तुलात तळव्याखालचा आधार कमी झाल्याचे कळेल, असा माझा अंदाज आहे.

बाजूच्या पातळ पट्ट्यांबद्दल मात्र माझे मत तितकेसे चांगले नाही. त्यांनी मुठीचा घेर कमी होतो आणि ट्रिगरवर बोट सहज पोचते, हे खरे. आखूड बोटे असणाऱ्यांना तेवढे कारणही पुरेसे ठरेल. पण त्यांच्याबरोबर कटकटी येतात. पातळ पट्टीसाठी फ्रेममध्ये बसणारे आणि स्क्रू धरणारे बुशिंगही बुटके लागतात आणि स्क्रूही आखूड लागतात. जुने लांब स्क्रू वापरले तर त्यांची टोके आत डोकावून मॅगझिनवर घासतात आणि मॅगझिन कळ दाबल्यावर स्वतःहून खाली पडत नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेममधले बुशिंगचे आटे नाजूक असतात, त्यामुळे ते बदलताना थोडा जास्त जोर लागला तरी आटे जाऊ शकतात. शिवाय मूळ जाडीची डावी पट्टी सेफ्टीजवळच्या प्लंजर नळीला, म्हणजे सेफ्टीचा खटका जागेवर धरणारी स्प्रिंग जिच्यात असते त्या बारीक नळीला, खालून आधार देते. पट्टी पातळ केली की तो आधार जातो आणि नळी केवळ तिच्या ठोकलेल्या पायांवर उभी राहते. माझी नळी अजून घट्ट आहे, पण पिस्तूल साफ करताना ती बोटाने हलवून पाहण्याची सवय मला लावून घ्यावी लागली. झाकण्याच्या दृष्टीने या पट्ट्यांनी जे वाचते ते जाडीतले अगदी थोडे, आणि टाच गोल केल्याच्या तुलनेत ते नगण्य म्हणावे लागेल. टाचेचे काम केले तर पट्ट्यांचा खालचा-मागचा कोपराही त्याच वळणात असावा लागतो. तयार पट्ट्या घ्याव्यात किंवा लाकडी पट्टी कापून बारीक पॉलिशपेपरने वळण जुळवावे, नाहीतर लाकडाचा कोपरा धातूच्या पुढे येतो आणि सगळ्या कामावर पाणी पडते.

खडबडीतपणाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा निघाला. घामेजल्या हातात मूठ घट्ट बसायची तर दातेरी पृष्ठभाग हवा, आणि अंगाला लागून दिवसभर राहायची तर गुळगुळीत हवा. मी उजव्या हाताने चालवतो आणि उजव्या कमरेला ठेवतो, म्हणून पिस्तुलाची डावी बाजू शरीराकडे येते. ती पूर्ण गुळगुळीत करावी असा मोह होतो, पण दोन हातांच्या पकडीत डाव्या हाताचा तळवा नेमका त्याच पट्टीवर दाबला जातो. शेवटी डाव्या पट्टीच्या मध्यभागी तेवढा चौकड्यांचा, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी उठवलेल्या दातेरी टोकांचा, भाग ठेवला आणि कडा गुळगुळीत केल्या. उजव्या पट्टीवर पूर्ण चौकड्या आहेत. पुढच्या बाजूला इंचाला २५ रेषांच्या चौकड्या कापण्याचा विचार सोडून दिला, कारण ॲल्युमिनियमवरची टोके पोलादाइतकी टिकत नाहीत आणि तिथली भिंत मुळातच फार जाड नसते. त्याऐवजी खरखरीत चिकटपट्टीची एक अरुंद पट्टी लावली आहे. ती झिजते, कडेने उचलली जाते आणि बदलावी लागते, पण फ्रेमला धक्का लागत नाही.

एक तक्रार उरते ती लेपाची. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने तयार केलेला, थर कठीण पण पातळ असतो आणि कापल्यावर खालचा मऊ धातू उघडा पडतो. गनस्मिथने कापलेल्या भागावर काळा भाजलेला लेप दिला, तो सुरुवातीला जुळला, पण जिथे मूठ पट्ट्याला आणि खुर्चीला घासते तिथे तो आता राखाडी दिसू लागला आहे. धातूला इजा नाही, मात्र दिसायला ठिगळ दिसते. संपूर्ण फ्रेम सुटी करून एकदमच नव्याने ॲनोडाइझ करून घेतली असती तर खर्च वाढला असता आणि पिस्तूल आणखी काही आठवडे हाताबाहेर राहिले असते. ज्यांना रूप महत्त्वाचे वाटते त्यांनी काम देतानाच तसे ठरवावे. माझ्याकडून पुढचा बदल एवढाच होईल, की डाव्या बाजूला पुन्हा मूळ जाडीची पट्टी बसवायची आणि उजवी आहे तशी पातळ ठेवायची.