जुन्या वस्तूंच्या दुकानातील अश्मयुगीन हत्यारे: पाहावीत, विकत घेऊ नयेत

सांगलीतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात पितळी समया आणि अडकित्त्यांच्या शेजारी सध्या ‘अश्मयुगीन हत्यारे, कृष्णाकाठ, पाच लाख वर्षे’ अशी चिठ्ठी लावलेला ट्रे ठेवलेला आहे. मालक प्रत्येक वस्तू हातात घेऊन निवांत पाहू देतात आणि हे दगड घराच्या जोत्यात भरण्यासाठी मागवलेल्या वाळू-गोट्यांच्या खेपेत निघाले, याहून अधिक आपल्याला ठाऊक नाही, हेही मोकळेपणाने सांगतात. हा प्रामाणिकपणा चिठ्ठीवर मात्र उतरलेला नाही.

ट्रेमधील हातकुऱ्हाड (दांड्याशिवाय हातात धरून वापरायचे दगडी हत्यार) अस्सल वाटते. दोन्ही बाजूंनी छिलके काढल्याच्या खुणा कडेपर्यंत भिडलेल्या आहेत, बेसॉल्टवर करडे-तपकिरी पुट चढले आहे आणि कडा झिजून गोलसर झाल्या आहेत. म्हणजे ती पाण्याबरोबर वाहत आलेली असावी आणि खेप कोठून भरली ते कळले, तरी ती घडवल्याची जागा कळेलच असे नाही. वयाचा आकडा तर निराधार आहे. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे अशा कुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या थरात मिळाल्या आहेत आणि हा घाट त्यानंतरही लाखो वर्षे टिकला, त्यामुळे थर ठाऊक नसताना नुसत्या आकारावरून वय ठरत नाही. कॅल्सेडनीच्या (अकीकाच्या जातीच्या दगडाच्या) बारीक पात्यांची मूळ जागा सांगणे याहून अवघड, कारण दख्खनच्या काळ्या खडकातील पोकळ्यांत तयार होणारा हा दगड नदीच्या गोट्यांत जागोजागी सापडतो. उरलेला काळाकुळकुळीत, ताज्या धारेचा तुकडा मला खडी क्रशरचा वाटला. यंत्राचा घावही दगडावर माणसाच्या घावासारखाच फुगवटा उठवतो, त्यामुळे नुसत्या फुगवट्यावरून हत्यार ठरत नाही.

योगायोगाने सापडणे हा काही दोष नव्हे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरम येथे मिळालेले हत्यारही खडीच्या खाणीतलेच होते. त्यांनी जागा नोंदवली, एवढाच फरक.

चिठ्ठी खरी मानली, तर या वस्तू पुरावशेष ठरतात आणि १९७२ च्या कायद्यानुसार त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो; तो विचारूनही दाखवण्यात आला नाही. चिठ्ठी खोटी मानली, तर किंमत कशाची मोजायची? समया आणि अडकित्त्यांसाठी दुकान उत्तम आहे; दगड मी घेतले नाहीत. खेप आणणारा ट्रॅक्टरवाला मालकांच्या ओळखीचाच आहे, तेव्हा त्याला विचारून जागेचे नाव चिठ्ठीवर लिहावे आणि वर्षांचा आकडा खोडावा, असे त्यांना सुचवले आहे.