वीस बाथची टुकटुक मला ४८,१६० रुपयांना पडली

बँकॉकमध्ये 'ग्रँड पॅलेस आज बंद आहे' असं रस्त्यात कोणी सांगितलं, तर त्याच्याशी एक अक्षरही न बोलता पुढे चालू लागा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. मी हे ऐकून होतो, व्हिडिओही पाहिले होते. तरी फसलो.

मी अकाउंट्समध्ये आहे. रिक्षाभाड्याचं व्हाउचर सहीशिवाय आलं तर परत पाठवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण धाकटा भाऊ ऐकल्या ऐकल्या "तू? तू फसलास?" म्हणाला आणि जवळजवळ हसलाच.

थायलंडने २०२३ मध्ये व्हिसा माफ केला, त्यानंतर आमच्या सोसायटीतली बरीच मंडळी जाऊन आलीत. निघण्याआधी प्रत्येकाने एकच भरवलं : तिकडे आपल्या लोकांना नीट वागवत नाहीत, एअरपोर्टवर कॅश दाखवायला लावतात, हॉटेलवाले तोंड वाकडं करतात. त्यामुळे पहिले दोन दिवस मी अंग चोरूनच वावरलो. काउंटरवरच्या मुलीने सुट्टे पैसे जरा आपटून ठेवले की बायकोला म्हणायचो, "बघ, सुरू झालं." अशा अवस्थेत तिसऱ्या दिवशी एक माणूस हात जोडून "नमस्ते" म्हणाला आणि मी विरघळलो. तुसडे होते त्यांनी माझा एक रुपयाही घेतला नाही, हे आता कळतंय.

सनाम चाय मेट्रो स्टेशनातून वर आलं की वाट फो या देवळाच्या बाजूने चालत पॅलेसची पांढरी भिंत लागते. ही भिंत चारी बाजूंनी मिळून १,९०० मीटर आहे. पर्यटकांना आत सोडतात ते दार उत्तरेला आणि आपण येतो दक्षिणेकडून. म्हणजे बराच वेळ तुम्ही खरोखरच बंद दारांसमोरून चालत असता. ही माणसं नेमकी त्या पट्ट्यात उभी राहतात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र, शाळेत शिक्षक आहे म्हणाला. "टुडे बुद्धा डे, फॉरेनर दीड वाजता." (घरी येऊन कालनिर्णय पाहिलं. त्या दिवशी साधी षष्ठी होती.) माझ्याच नकाशावर त्याने पेनाने तीन गोल केले, हात वर केला, टुकटुक हजर. तीन ठिकाणं, वीस बाथ.

वीस बाथ म्हणजे पन्नास रुपये. दोन माणसं, दोन तास, प्रत्येक ठिकाणी थांबून, पन्नास रुपयांत! डोंबिवलीत स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला एवढ्यात मान वर करून बघणार नाही. मग उरलेले पैसे कोण भरतंय, हा प्रश्न मला पडायला नको होता? पडला होता हो. बायकोनेही माझ्याकडे बघितलं. "स्वस्तात होतंय तर बस," हे मी म्हणालो, ती नाही. (हे वाक्य तिने लिहायला लावलंय.) आणि टुकटुकमध्ये पाय ठेवतानाच भिंतीच्या टोकाला एक गाइड छत्री उंच धरून चाळीसेक लोकांना वळवत होती. बंद राजवाड्याकडे चाळीस माणसं कशाला जातील? डोळ्यांनी बघितलं आणि बसलो.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असणार. आधी वाट इंतरविहान या देवळातली ३२ मीटरची उभी बुद्धमूर्ती (ती खरी आहे, बघण्यासारखी आहे). तिथे 'योगायोगाने' एक सुटातला गृहस्थ, तो सरकारी रत्नविक्रीबद्दल बोलला, आज शेवटचा दिवस, कर माफ. पहिल्या माणसाचा आणि याचा काही संबंध नाही, म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं. दुकानाच्या दारात ड्रायव्हरच्या हातात एक चिठ्ठी पडली. त्याने ती घडी करून खिशात घातली आणि आमच्याकडे बघून हसला. पेट्रोलचं कूपन. गिऱ्हाईक आणल्याचं.

आत थंड पाणी, मऊ खुर्च्या आणि एक बाई. "इंडिया? ब्लू सफायर, शनी स्टोन!" माझी रास कुंभ, साडेसाती चालू, आई दोन वर्षं नीलम घाल म्हणून मागे लागलेली. तिला हे कसं कळलं, असं मला वाटलं. प्रत्येक भारतीयाला ती हेच म्हणत असेल.

१८,५०० बाथ. म्हणजे ४६,२५० रुपये. त्यावर परदेशी व्यवहाराचा बँकेचा साडेतीन टक्के आकार, म्हणजे मार्कअप, १,६१८.७५, मार्कअपवर जीएसटी २९१.३८. एकूण ४८,१६०.१३. वरचे तेरा पैसेसुद्धा सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माणशी ५०० बाथ देऊन पॅलेस पाहिला. दारापाशी अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, अशी पाटी. दारापाशी! तिथवर पोचला तो वाचलाच की. पाटी हवी मागे त्या भिंतीजवळ.

चौकीत दोन तास बसवलं. खडा खोटा आहे का? नाही. सही तुमची? हो. मग तक्रार कसली? दुकानात गेलो तर मॅनेजर सोमवारी येणार, आमचं विमान रविवारी रात्री. हे त्यांना माहीत होतं, परतीची तारीख मीच गप्पांत सांगितली होती. ती कोणालाही सांगू नका. बँकेत फोन : "सर, पिन तुम्हीच टाकलाय." अहो, पिन मीच टाकला म्हणूनच तर मी फसलो! डिस्प्युट फॉर्म भरला, तीन मेल केले, तिन्हींना एकच छापील उत्तर, मग मेसेज : तक्रार निकाली. कोणाच्या बाजूने निकाली? इथल्या पोलीस स्टेशनात हवालदार म्हणाले, "साहेब, बँकॉक आमच्या हद्दीत येत नाही." वर विचारलं, "बाकी ट्रिप कशी झाली?"

कार्डाचं परदेशी व्यवहाराचं लिमिट अ‍ॅपमधून दहा हजारांवर आणून ठेवा. मीही ठेवणार होतो. खडा पोस्टाने घरी पाठवतो म्हणाले तर मुळीच ऐकू नका, तो परत करता येऊ नये म्हणून ते पाठवतात. पॅलेस साडेआठला उघडतो, तिकीट साडेतीनपर्यंत मिळतं, दारापर्यंत स्वतः चालत जा. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, दुकानात शिरायच्या आधी लावा.

ठाण्याच्या सोनारकाकांनी भिंगातून पाहिलं. खरा आहे म्हणाले, पण ढगाळ, फार तर सहा हजार. मग जरा थांबून : "अंगठीत बसवू का? चांदीची घडणावळ वेगळी पडेल."