किशोरवयीन मुलग्यांची वार्षिक तपासणी : एका केंद्राच्या सेवेविषयी अभिप्राय

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा वार्षिक आरोग्य तपासणीला जायला कां-कू करतो, तेव्हा त्यामागे दुखण्याची भीती क्वचितच असते. कपडे काढावे लागतील का, कोणाच्या देखत, आणि आपल्या शरीराबद्दल कोणी काही बोलेल का, या विचारांनी तो अवघडलेला असतो आणि नेमके हेच प्रश्न तो घरात विचारत नाही. आमच्या मुलाला लहानपणापासून ज्या बालरोगतज्ज्ञांकडे नेत होतो, त्यांच्या वैद्यकीय कौशल्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. परंतु तिथे तपासणी त्याची होत असे आणि बोलणे सगळे माझ्याशी. म्हणून किशोरवयीनांसाठी स्वतंत्र वेळ आणि स्वतंत्र डॉक्टर ठेवणाऱ्या एका केंद्राकडे आम्ही वळलो. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते आणि हे केंद्रही तीच मर्यादा पाळते. पुढील अभिप्राय तिथल्या वार्षिक तपासणीपुरता आहे आणि तो एका आईने लिहिलेला आहे, हे वाचताना लक्षात घ्यावे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट तपासणीच्या आधीच हाती पडते. वेळ ठरल्यावर केंद्राकडून एक माहितीपत्रक येते, ज्यात थेट मुलाला उद्देशून, कोणती तपासणी कोणत्या क्रमाने होईल, त्यातल्या कशासाठी कपडे बाजूला करावे लागतील, किती वेळ, आणि कोणत्या गोष्टीला नकार देता येईल, हे सरळ लिहिलेले असते. ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ असे आपण मोठी माणसे सांगतो तेव्हा काय होणार आहे ते मात्र सांगत नाही. या पत्रकाने ते सांगितले आणि धीर देण्याचे काम आपोआप झाले. त्यात आणखी एक वाक्य असे होते की मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ९ ते १४ या वर्षांत केव्हाही होऊ शकते, त्यामुळे एकाच वर्गातले दोन निरोगी मुलगे दिसायला मात्र काही वर्षांच्या अंतराचे वाटू शकतात. वर्गातल्या ठेंगण्या मुलांपैकी असलेल्या आमच्या मुलाने ते वाक्य पुन्हा वाचल्याचे मी पाहिले. डॉक्टर पुरुष हवे की स्त्री, हेही वेळ घेतानाच विचारले जाते आणि उत्तर मुलाने द्यावे अशी अपेक्षा असते.

उंची आणि वजन बंद खोलीत घेतले जाते आणि आकडा मोठ्याने पुकारला जात नाही. ही बाब किरकोळ वाटेल, पण ज्या मुलाचे वजन भर व्हरांड्यात जाहीर झाले आहे त्याला विचारून पाहावे. नंतर डॉक्टरांनी त्याला त्याचा स्वतःचा वाढीचा आलेख दाखवला, उंची वेगाने वाढण्याचा काळ मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा उशिरा येतो आणि त्या काळात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढ होऊ शकते हे समजावले, आणि इतरांशी तुलना करण्याऐवजी आपली रेषा आपल्या वाटेने चालली आहे की नाही हे कसे पाहायचे ते शिकवले.

रक्तदाब मोजण्याबाबत हे केंद्र विशेष काटेकोर आहे. पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसवल्याशिवाय पट्टा बांधत नाहीत. दंडाच्या घेराप्रमाणे पट्ट्याचे माप निवडतात, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त दिसतो. आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या तेराव्या वर्षापासून १३०/८० किंवा त्याहून अधिक रक्तदाब हा उच्च रक्तदाब धरला जातो, मात्र तो निष्कर्ष एका दिवसाच्या मोजणीवर काढायचा नसतो. आमच्या मुलाचा पहिला आकडा चढा आला. परिचारिकेने भुवई न उंचावता, दवाखान्यात आल्यामुळेच पुष्कळांचा रक्तदाब चढतो हे सांगून थोड्या वेळाने पुन्हा मोजला आणि तो ठीक निघाला. संकोच हा केवळ मनाचा प्रश्न राहत नाही, तो मोजणीतही उतरतो, हे त्या निमित्ताने त्याच्याही लक्षात आले असावे.

प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी खोलीत कोण थांबेल, हे डॉक्टर मुलालाच विचारतात. आई किंवा वडील, केंद्रातील एखादी परिचारिका किंवा पुरुष परिचारक, यांपैकी कोण हवे ते तो सांगतो. नाजूक भागाच्या तपासणीवेळी मात्र डॉक्टरांखेरीज आणखी एक व्यक्ती असावी असा केंद्राचा आग्रह आहे आणि त्याचे कारणही, म्हणजे मुलाची आणि डॉक्टरांची दोघांचीही सुरक्षितता, ते मोकळेपणाने सांगतात. कपडे बदलताना सगळे बाहेर जातात, अंगावर चादर असते, आणि जो भाग तपासायचा तेवढाच उघडा करून लगेच झाकला जातो. आमच्या मुलाने पहिल्या खेपेस मला आत थांबवून घेतले आणि पडद्याच्या अलीकडे बसवले. त्यामुळे पुढचे बरेचसे मी ऐकले आहे, पाहिलेले नाही.

सुरुवात हात, डोळे, घसा अशा बिनसंकोचाच्या भागांपासून होते. प्रत्येक स्पर्शाआधी डॉक्टर काय करणार ते सांगतात, आणि ‘थांबा’ म्हटले की खरोखर थांबतात. मुलाने एकदा ते करून पाहिले, बहुधा खात्री करून घेण्यासाठीच. पोट तपासताना त्याला गुदगुल्या होऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्याचाच तळहात पोटावर ठेवायला लावून त्यावरून आपला हात दाबला आणि गुदगुल्या थांबल्या. मणक्याची वक्रता पाहण्यासाठी दोन्ही तळवे जोडून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगतात. अ‍ॅडम्सची चाचणी या नावाने ओळखली जाणारी ही साधी पद्धत एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात अशी वक्रता वाढू शकते म्हणून ती याच वयात पाहायची असते. छाती तपासताना डॉक्टरांनी सहज सांगून टाकले की या वयात अनेक मुलग्यांच्या स्तनाग्रामागे छोटी, हुळहुळी गाठ येते, ती बहुतेक वेळा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते, आणि त्यात काही वावगे नाही. त्याने हे विचारले नव्हते. त्याने ते कधी विचारलेही नसते.

जननेंद्रियांच्या तपासणीबद्दल केंद्राची भूमिका मला विशेष पटली. आधी कारण, मग परवानगी, मग तपासणी, हा क्रम मोडला जात नाही. दोन्ही वृषणे अंडकोशात उतरली आहेत का, हर्निया किंवा फुगलेल्या शिरा आहेत का, आणि वाढ वयाच्या टप्प्यानुसार होते आहे का, एवढेच पाहायचे असते. हातमोजे घालून, थोडक्यात हे काम उरकते. ही कर्करोगाची शोधमोहीम नाही, हेही डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, कारण कोणतेही लक्षण नसलेल्या मुलांची वृषणाच्या कर्करोगासाठी सरसकट तपासणी करू नये अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने २०११ मध्ये केलेली आहे. मुलगा ‘आज नको’ म्हणाला तर त्याची नोंद होते आणि काही त्रास आहे का एवढे विचारून विषय पुढच्या भेटीवर ठेवला जातो. समजूत घालत बसत नाहीत, चेष्टाही करत नाहीत.

त्याच वेळी डॉक्टरांनी जी गोष्ट बजावून सांगितली, ती या सगळ्या सोपस्काराचे खरे प्रयोजन आहे असे मी मानते. वृषणाला अचानक पीळ पडणे हा प्रकार विशेषतः बारा ते अठरा या वयात दिसतो. तीव्र वेदना, सूज, मळमळ, आणि कधी कधी केवळ ओटीपोटात दुखणे एवढेच लक्षण. रक्तपुरवठा तुटलेला असल्याने पहिल्या सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. लाजेपोटी मुलगा रात्रभर गप्प राहिला आणि सकाळी ‘पोट दुखतंय’ एवढेच म्हणाला, तर ते तास हातचे निघून जातात. ज्या मुलाने डॉक्टरांच्या तोंडून हे शब्द साध्या आवाजात ऐकलेले असतात, त्याला वेळ आल्यावर ते स्वतःच्या तोंडून उच्चारणे सोपे जाते.

यानंतर पालकांना बाहेर जायला सांगतात. तत्पूर्वी, दोघांच्याही समोर, गोपनीयतेची मर्यादा स्पष्ट केली जाते: मुलगा सांगेल ते त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाही, परंतु त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी त्याला इजा करत असेल, तर ते सांगावेच लागेल. आतील प्रश्नांचा क्रम घर, शाळा, छंद, मित्र असा सोप्याकडून व्यसने, लैंगिकता, उदासी अशा अवघड विषयांकडे जातो. बाहेर बसलेल्या आईला तो वेळ फार लांब वाटतो, हे नमूद करायला हरकत नाही. परतताना मुलगा म्हणाला, ‘ते माझ्याशी बोलत होते गं, तुझ्याशी नाही.’ याहून अधिक त्याने काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

लस टोचण्याची व्यवस्थाही चांगली आहे. किशोरवयात सुईनंतर भोवळ येण्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून बसवून किंवा आडवे करून लस देतात आणि पंधरा मिनिटे थांबवून घेतात. ज्यांना भोवळ येते त्यांना परिचारिका हातापायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून सोडण्याचा सराव करून घेते. लार्स-गोरान ओस्त या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत रूढ केली. भोवळ येते ती रक्तदाब एकदम उतरल्याने, त्यामुळे अशा मुलांना ‘अंग सैल सोड’ म्हणण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

आता उणिवा. प्रतीक्षाकक्ष तान्ह्या बाळांच्या विभागाशी सामाईक आहे. ते एक वेळ चालून जाईल. परंतु मनःस्थिती आणि सवयींविषयीची प्रश्नावली याच कक्षात, पालकांच्या शेजारी बसून भरायला देतात, हे अक्षम्य आहे. आत ज्या गोपनीयतेची इतकी काळजी घेतली जाते तिच्यावर बाहेरच पाणी पडते, कारण आई कागदाकडे पाहत असताना कोणताही मुलगा ‘नाही’ या रकान्यातच खुणा करणार. दुसरे असे की नेहमीचे डॉक्टर रजेवर असताना आलेल्या बदली डॉक्टरांनी ‘मिशी फुटली की रे!’ असा शेरा मारला. त्यांचा हेतू निर्मळच होता, पण मुलगा त्यानंतर एका शब्दात उत्तरे देऊ लागला. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांनी ते आपल्या बदली डॉक्टरांनाही वाचायला द्यावे.

क्रीडास्पर्धांसाठी लागणारे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्रही इथे मिळते. त्यात व्यायाम करताना चक्कर किंवा छातीत दुखणे, तसेच कुटुंबात पन्नाशीच्या आत हृदयविकाराने झालेला आकस्मिक मृत्यू यांची विचारपूस नीट होते, परंतु वेळ अपुरा असतो आणि मुलाशी एकांतात बोलणे होत नाही. ते प्रमाणपत्र हाती आहे म्हणून वार्षिक तपासणी टाळू नये. शक्य असल्यास दोन्ही एकाच लांब भेटीत मागून घ्यावे, विनंती केल्यास केंद्र तशी वेळ देते.

ज्यांना हे केंद्र सोयीचे नाही त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे वेळ घेतानाच तपासणीचा क्रम, सोबत कोण थांबणार आणि मुलाला एकट्याने बोलायला वेळ मिळेल का, एवढे विचारून ते मुलाला आदल्या दिवशी सांगितले, तरी या सेवेचा मोठा भाग घरच्या घरी साधता येईल. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा त्या प्रश्नावलीसाठी राखून ठेवला आहे, आणि ती बंद खोलीत भरून घेऊ लागल्याचे कळताच तोही द्यायला माझी हरकत नाही.