कॅमेरा, नुसता आवाज की मंच? सोलापुरात कलावंतांशी गप्पा सुरू करणाऱ्यांसाठी

चित्रकार, नाटकवाले, कवी, चादरीची डिझाइनं काढणारे, रीलवर गाणारी पोरं... अशा लोकांना बोलतं करणारी मालिका सुरू करायचं डोक्यात असेल, तर पहिला प्रश्न बहुतेक ‘माइक कुठला घेऊ’ हाच येतो. माइकचं नंतर बघू. आधी तीन वाटांपैकी एक धरावी लागते: कॅमेऱ्यासमोर बसवून व्हिडिओ पॉडकास्ट, पाहुण्याच्या कामाच्या जागी जाऊन नुसतं आवाजाचं रेकॉर्डिंग, किंवा प्रेक्षकांसमोर प्रकट मुलाखत. तिन्हींत एकच माणूस वेगवेगळं बोलतो आणि वेगवेगळं लपवतो. नाव कुणाचं होतं, तेही बदलतं.

ही निवड पुण्या-मुंबईचे कार्यक्रम बघून करू नका. तिथला पाहुणा कर्जावर, अपयशावर, घरातल्या भांडणांवर बोलतो आणि बाहेर पडून गर्दीत मिसळतो. इथला पाहुणा दुसऱ्या दिवशी नवी पेठेत भेटतो. त्याचं गिऱ्हाईक, उधारी देणारा दुकानदार, सासुरवाडीची माणसं, सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ‘काल लई रडलास की बे,’ असं पार्क चौकात कुणीतरी म्हणणारच. सोलापुरात मोकळं बोलण्याची किंमत जास्त आहे आणि ती पाहुणा भरतो, तुम्ही नाही. म्हणून तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारतो: बोललेलं मागे घ्यायची सोय किती?

व्हिडिओपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा कल तिकडेच असतो. त्याची जमेची बाजू खरी आहे. हात दिसतात. शिल्पकार, रांगोळीवाली, नर्तक यांचं अर्धं बोलणं हातात असतं. ते आवाजात उतरत नाही. तरुण कलाकाराला कामं मिळायची असतील तर चेहरा ओळखीचा होणंही उपयोगाचं असतं. अडचण पुढे आहे. तासाभराच्या गप्पा फार थोडे लोक पूर्ण बघतात. गावभर फिरते ती मिनिटाभराची क्लिप. त्या क्लिपमध्ये नेमकं काय येतं? कुंचला कसा धरायचा हे नाही. आवाज दाटून आला तो क्षण येतो. शिवाय यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओतला तुकडा एडिटरमधून कापता येतो, पण त्याच लिंकवर नवी फाइल टाकता येत नाही. कापलेला तुकडा तोवर कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर पोचलेला असतो, ते वेगळंच.

पाहुण्याचा ब्रँड आणि पाहुण्याची जखम इथे एकमेकांत गुंततात. माणसाने स्वतःकडे ब्रँड म्हणून बघावं ही कल्पना व्यवस्थापनावर लिहिणारे टॉम पीटर्स यांच्या १९९७ मधल्या एका अमेरिकी मासिकातल्या लेखाने गाजवली. पण आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले एम. एफ. हुसेन त्याच्या कितीतरी आधी अनवाणी फिरत होते. १९६४ साली गजानन माधव मुक्तिबोध गेले, त्यांच्या अंत्ययात्रेनंतर आपण पायांत काही घालणं सोडलं, असं ते सांगत. मुक्तिबोध म्हणजे मराठी घरातला, हिंदीत लिहिणारा कवी. शोक खरा होता, आणि तीच पुढे हुसेन यांची जगभरची ओळखही झाली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. फरक एवढाच की ती खूण त्यांनी स्वतः निवडली आणि आयुष्यभर पेलली. तुमच्या पाहुण्याची खूण तुमचा एडिटर निवडणार असेल, तर त्याला ब्रँडिंग म्हणू नये.

आता नुसता आवाज. माझं झुकतं माप इथे आहे, ते आधीच सांगून टाकतो.

कॅमेरा नसला की माणूस केस सारखे करत नाही, पाठ ताठ ठेवत नाही. दहाएक मिनिटांत माइकचा विसर पडतो. त्याहून मोठा फायदा भाषेचा. पूर्व भागातला एखादा कलाकार घरी तेलुगू बोलतो, कारखान्यात मराठी, मित्रांत दोन्हींची सरमिसळ. अक्कलकोटकडच्या माणसाचं तेच कन्नडबाबत. कॅमेरा किंवा मंच दिसला की ही मंडळी पुस्तकी मराठीत शिरतात आणि वाक्यं कडक भाकरीसारखी मोडायला लागतात. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीवर ती जशी बोलतात तशीच बोलतात. त्यांना सुधारू नका. एखादं तेलुगू वाक्य आलं तर येऊ द्या, नंतर तुमच्या आवाजात मराठी अर्थ जोडा.

आवाजाची वाट सगळ्यात जास्त लागू पडते ती ज्याचं नाव कामावर कधी छापून आलंच नाही अशा माणसाला. चादरीचं डिझाइन काढणारा हे इथलं अस्सल उदाहरण. पूर्वी ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, त्यावरून कार्डांना भोकं पाडायची आणि ती जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढवायची. आता यातलं पुष्कळसं संगणकावर होतं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे गावाचं नाव राखलं जातं, पण मोर कुणी काढला ते चादरीवर लिहिलेलं नसतं. अशा माणसाला ‘तुमच्या आयुष्यातला सर्वात कठीण काळ कोणता?’ असं विचारणं मला उर्मटपणाचं वाटतं. त्याला मोराच्या मानेची वळणं चौकोनात कशी बसवली ते विचारा. मालकाने रंग बदलायला लावले तेव्हा काय वाटलं, ते तो आपणहून सांगेल. ‘पर्सनल ब्रँडिंग’ हा शब्द त्याच्यासमोर काढायची गरज नाही. भागाच्या शीर्षकात त्याचं पूर्ण नाव, आणि त्याची परवानगी असेल तर डिझाइनचा एक फोटो, एवढंच करा. त्याच्यापुरतं ते पुष्कळ मोठं काम आहे.

तांत्रिक बाजू सोपी आहे. दोन कॉलर माइक आणि एक फोन यावर सुरुवात होते. चालू कारखान्यात मात्र बसू नका. शटलच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि कितीही चांगला माइक तिथे हात टेकतो. मागाची खटखट वेगळी टिपून सुरुवातीला जोडा, गप्पा बाजूच्या खोलीत करा. खोली घुमत असेल तर भिंतींवर दोन-तीन जाड चादरी टांगा. आपल्या गावात त्या मागायला लांब जावं लागत नाही. चादर घुमणं कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही, हे लक्षात असू द्या. उन्हाळ्यात पंखा बंद करावा लागतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर बसा. आणि मागे घ्यायची सोय? पॉडकास्टच्या बहुतेक होस्टिंग सेवांवर जुनी फाइल काढून त्याच जागी नवी टाकता येते. आवाजाची क्लिप व्हिडिओइतकी पळतही नाही. मालिका वाढवायची असेल तर हा तोटा, पाहुण्याच्या बाजूने बघितलं तर फायदा.

मंचाचं थोडक्यात. हुतात्मा स्मृती मंदिर, फडकुले सभागृह, हिराचंद नेमचंद वाचनालय अशा जागा गावात आहेत आणि मुलाखत ऐकायला येणारा जाणता वर्गही आहे. नाटकवाल्यांना तिथेच न्या. समोर माणसं असली की ते सगळ्यात सुरक्षित असतात. एकटं बसवलं तर कोमेजतात. पण प्रेक्षक किश्श्यांना हसतो, म्हणून पाहुणा किस्सेच देत राहतो, आणि ते त्याने आधी चार ठिकाणी सांगितलेले असतात. निर्मितीबद्दल नवं काही हाताला लागेल ही आशा कमी ठेवा. चिठ्ठ्यांवरचे प्रश्न आधी स्वतः वाचून घ्या. दुसऱ्या लग्नाबद्दल विचारणारी एक चिठ्ठी हमखास निघते. एक गंमत अशी की रेकॉर्डिंगच केलं नाही, तर बोललेलं सगळ्यात लवकर विरतं ते मंचावरचं. मात्र तिसऱ्या रांगेतला कुणी फेसबुकवर लाइव्ह जात नसेल तर.

तर कुणासाठी काय? ज्याची ओळख आधीच इन्स्टाग्रामवर आहे, त्याच्यासाठी व्हिडिओ घ्या, पण प्रश्न कामाचे ठेवा. आपली कहाणी तो तशीही विकतोच, त्यात तुम्ही भर घालू नका. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी गाव, जात, अपमान हे कवितेत आणि पडद्यावर मांडलं. अशा कलावंताशी बोलताना आधी त्याचं काम वाचून-बघून जा. जे कामात येऊन गेलंय ते पुन्हा तोंडाने वदवून घेण्यात काही हशील नाही. वयाने मोठे, कारागीर, पहिल्यांदाच बोलणारे आणि घरच्यांपासून लपवून लिहिणारे यांच्यासाठी आवाज. यातल्या शेवटच्या गटात बायका जास्त असतात आणि त्यांच्याशी बोलायला बाई गेली तर बरं.

एकच वाट निवडायची असेल आणि पैसे बेताचे असतील, तर वर्षभर आवाज करा आणि वर्षाकाठी एक प्रकट मुलाखत ठेवा. व्हिडिओ थांबू शकतो. वाट कुठलीही घ्या, रेकॉर्डिंगच्या आधी तीन गोष्टी पाहुण्याला सांगा: प्रसिद्ध करण्याआधी तुम्हाला ऐकवू, जे काढायचं म्हणाल ते कारण न विचारता काढू, आणि थंबनेल तुम्हाला दाखवून लावू. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलंत तरी चालेल. पण ते पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी जायला हवं. माइक लावल्यानंतर विचारलेल्या परवानगीला कुणी ‘नको’ म्हणत नाही.