लोहचुंबक चिकटला आणि मी फसलो

राउटर टेबल, म्हणजे लाकडात खाचा मारायचं राउटर मशीन खाली उलटं लटकवलेलं टेबल, घ्यायचं मनात असेल तर आधी हे वाचा. माझे साडेअकरा हजार गेले, तुमचे तरी वाचू देत.

सांगलीत विश्रामबागला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं हौशी सुतारकाम चालतं. ड्रॉवरच्या फळ्यांना खाचा मारताना राउटर हातात धरून वैताग आला होता. गणपती पेठेतल्या दुकानदारानं सांगितलं होतं, "काका, घरच्या कामाला प्लायचा टॉप करा आन् राउटर खाली लटकवा." पण मला बिडाचाच, म्हणजे ओतीव लोखंडाचाच टॉप हवा होता. अशात मोबाईलवर जाहिरात दिसली: बिडाचा टॉप, फेन्ससकट (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) ११,५००. फोनवर माणूस साखरेसारखा गोड. व्हिडिओ कॉलवर टॉपला लोहचुंबक लावून दाखवला, खटकन चिकटला. मी सगळे पैसे आगाऊ पाठवले.

ट्रान्सपोर्टच्या गोडाउनमधून खोकं एकट्यानं उचलून स्कूटरवर ठेवलं, तिथंच डोकं चालायला हवं होतं. बिल्टीवर वजन १४ किलो. ६० बाय ४० सेंटीमीटरचा, १२ मिलिमीटर जाडीचा बिडाचा टॉप एकटाच २० किलोच्या वर भरतो. पाय आणि फेन्स वेगळेच.

पहिल्याच ड्रॉवरला खाच कुठं ६ मिलिमीटर, कुठं जेमतेम साडेचार. आधी संशय बिटवर, म्हणजे राउटरच्या कापणाऱ्या पात्यावर. बिटचा १२ मिलिमीटरचा शँक (दांडा) अर्ध्या इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या कॉलेटमध्ये (दांडा धरणाऱ्या पकडीत) घातला की तो सरकतो. पण माझा बिट अर्ध्या इंचीच होता. शेवटी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला असलेला मित्र सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन आला. राउटर लटकवलेला असताना मधोमध दीड मिलिमीटर झोळ! त्यानं कडेची रबरी पट्टी सोलली. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड. वर पातळ लोखंडी पत्रा चिकटवून काळपट रंग मारलेला. चुंबक खरा होता, चिकटला होता तो पत्र्याला.

फोन केला तर म्हणतो, "बिलात बिड कुठं लिहिलंय?" नव्हतंच. 'वुडवर्किंग ॲक्सेसरी, १ नग' एवढंच. सगळी आश्वासनं तोंडी आणि तोवर जाहिरातही गायब. स्क्रीनशॉट काढला नव्हता, हे लिहितानाही चिडचिड होते. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथं जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आपण राहतो तिथंच दाखल करता येते, मुदत २ वर्षं.

तुम्ही घेणार असाल तर नुसत्या टॉपचं वजन आणि जाडी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. टॉप कशाचा आहे ते बिलावर लिहून मागा. तिथं जो आढेवेढे घेईल त्याचं दुकान सोडा. माल प्रत्यक्ष बघायला मिळाला तर राउटर लटकवूनच सरळपट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवा आणि पलीकडून मोबाईलचा टॉर्च मारा. रिकामा टॉप सरळच दिसतो.

मी शेवटी १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवले, दोन्ही बाजूंनी सनमायका लावला (एकाच बाजूनं लावला तर टॉप वाकतो) आणि खाली लोखंडी अँगल दिले. फेन्स म्हणजे सागाची सरळ पट्टी, दोन क्लॅम्पनी आवळलेली. बिट गोल असल्यामुळं ती टेबलाच्या कडेला समांतर नसली तरी बिघडत नाही. हे सगळं पेठेतला माणूस पहिल्याच दिवशी फुकट सांगत होता.