दोन पावसाळे काढलेलं जवळच्या कारखान्याचं प्लाय

22 जुलै 2021च्या पुरात चिपळूणच्या आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. ओट्याखालची पार्टिकल बोर्डाची कपाटं चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. शेवटी फावड्याने भरून बाहेर टाकली. म्हणून पुन्हा काम काढलं तेव्हा प्लायच घ्यायचं ठरवलं, तेही तासाभरावरच्या एका छोट्या कारखान्यातलं. त्याला आता 17 महिने झाले.

आधी कारखाना बघून आलो. ओंडका यंत्रावर फिरतो आणि पेन्सिलीला टोक काढावं तशी त्याची सलग पातळ साल निघते. ती वाळवून, डिंक लावून एक थर उभा, एक आडवा असे रचतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. खरा प्रश्न डिंकाचा. युरियाचा डिंक पाण्यात टिकत नाही, फिनॉलचा टिकतो. फिनॉलची रेघ कापलेल्या कडेला काळपट दिसते म्हणतात, पण रंग घालूनही ती काळी करता येते. म्हणून त्यांचा एक तुकडा आणि दुकानातल्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायचा एक, असे दोन्ही न्हाणीच्या चुलीवर दिवसभर उकळवले. एमआरचे थर दुपारपर्यंत सुटले, यांचा तुकडा शाबूत. आमचं आयएस 303 या भारतीय मानकाचं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं. आयएस 710च्या मरीन प्लायला 72 तास उकळतात, तेवढी लाकडं घरी कोण जाळणार!

माल मात्र सगळा सारखा नव्हता. सुताराने करवत घातली तेव्हा दोन शीटच्या पोटात बोट जाईल एवढ्या फटी निघाल्या. एक शीट बदलून मिळाली, दुसरीला "एवढं चालतं हो" हे उत्तर. चालत नाही; बिजागरीचा स्क्रू नेमका तिथेच आला तर धरत नाही. शीट उतरवून घेतानाच आयएसआयचा शिक्का आणि खालचा परवाना क्रमांक बघा, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो तपासता येतो. आम्ही नुसतं बिल बघितलं.

सिंकखालचं कपाट अजून ठणठणीत आहे. फक्त पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड सुताराने तशीच उघडी ठेवली होती, तिथे पहिल्याच श्रावणात बोटभर फुगवटा आला. आता तिथे सिलिकॉन भरलंय. आतून बुरशी येते, पण आमच्याकडे ती चपलांवरही येते.

फ्लश दारांनी (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लाय लावलेल्या दारांनी) मात्र निराशा केली. न्हाणीघराचं दार खालून फुगून लादीला घासतं. खोलीच्या दाराला बाक आला, त्यात आमचीही चूक. पैसे वाचवायला सनमायका एकाच बाजूला लावला आणि दार त्या बाजूला ओढलं गेलं.

बाहेरच्या नावाजलेल्या मालापेक्षा फुटामागे साधारण 25 रुपये वाचले. माळ्याचं काम दिवाळीनंतर काढतोय, प्लाय तिथूनच आणीन, पण प्रत्येक शीट उभी करून, ठोकून बघून. न्हाणीघराला मात्र पीव्हीसीचं दार सांगितलंय.